पातळी-नोंदक स्क्रिप्ट: मेमरी कुठे अडकते याच्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल २०२४, सांगली

यंत्र रास्पबेरी पाय ३ बी प्लस (हाताएवढा संगणक), रॅम १ जीबी, ६४ बिटची ओएस, पायथन ३.११, एसडी कार्डावर १०० एमबी स्वॅप (रॅम भरत आल्यावर वापरायची जागा). स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी पाणीपातळीचं सार्वजनिक पान उतरवते. त्यातून कोयनेचा विसर्ग आणि कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन पूल, म्हैसाळ इथल्या पातळ्या वेगळ्या काढते, चढ-उताराचा वेग मोजते, तासाला एक आलेख बनवते आणि यादीतल्या फोनवर संदेश पाठवते. हीच स्क्रिप्ट साताऱ्यातल्या ४ जीबीच्या यंत्रावरही चालू आहे.

लक्षण असं: मध्ये रीस्टार्ट केली नाही तर सांगलीच्या यंत्रावर साधारण तिसऱ्या दिवशी प्रोसेस (चालू स्क्रिप्ट) गायब होते. स्क्रिप्टच्या लॉगमधली शेवटची ओळ नेहमीसारखीच असते, एररचा पत्ता नसतो. कर्नलचा (ओएसच्या मूळ भागाचा) लॉग पाहिला तर 'आउट ऑफ मेमरी' (ओओएम) आणि खाली आपल्याच प्रोसेसचं नाव. कर्नल सिग्नल ९ देऊन मारतो. हा सिग्नल प्रोग्रामला पकडता येत नाही, त्यामुळे लॉगमध्ये काही लिहायला वावच मिळत नाही. शेलमधून चालवलेली स्क्रिप्ट १३७ या कोडने संपली (१२८ अधिक ९), तर पहिला संशय मेमरीवर घ्यावा आणि कर्नलचा लॉग उघडावा.

आजवर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सेवा) स्क्रिप्ट रीस्टार्ट व्हायची, म्हणून हे झाकलं गेलं होतं. आज ती ओळ काढली. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढत असताना गेल्या काही तासांचा वेग हाच उपयोगाचा आकडा असतो, आणि रीस्टार्टला नेमका तोच इतिहास पुसला जातो. गावभागातल्या आणि सांगलीवाडीतल्या माणसाला सामान वर चढवायचं की नाही हे त्या आकड्यावरून ठरवायचं असतं. मेमरी कोण धरून ठेवतंय ते मेअखेरपर्यंत शोधून काढायचं आहे.

२० एप्रिल

आधी मोजमाप. प्रत्येक चक्राच्या शेवटी स्क्रिप्ट स्वतःच प्रॉक फाइलसिस्टिममधली आपली स्टेटस फाइल आणि उघड्या फाइलींचं एफडी फोल्डर वाचते आणि एका सीएसव्हीत ओळ टाकते: वेळ, चक्र क्रमांक, आरएसएस, आरएसएस-अनॉन, आरएसएस-फाइल, स्वॅप, थ्रेडची (प्रोसेसमधल्या समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या, उघड्या फाइलींची संख्या. फाइल वाचायला नगण्य वेळ लागतो, म्हणून हे कायमचं चालू ठेवणार.

कोणता आकडा कशासाठी ते इथे एकदा लिहून ठेवतो, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो.

टॉप या कमांडमधला व्हर्ट हा स्तंभ गळतीसाठी (काम झालेली मेमरी न सुटणं) बघू नये. त्यात नुसती राखून ठेवलेली, अजून न वापरलेली जागाही धरलेली असते. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) प्रत्येक नव्या थ्रेडच्या एरीनासाठी (मेमरी वाटायचं क्षेत्र) ६४ एमबीपर्यंत पत्ते राखून ठेवते. चार थ्रेड सुरू झाले की व्हर्ट फुगतो, प्रत्यक्ष रॅम तेवढी गेलेली नसते.

आरएसएस म्हणजे आत्ता रॅममध्ये असलेली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, वेबपान नव्हे). पण त्यात लायब्ररीच्या फाइलींची पानंही येतात, म्हणून आरएसएस-अनॉन वेगळा घ्यावा. प्रोग्रामने स्वतः मागून घेतलेली मेमरी त्यात दिसते. गळती असेल तर वाढ इथे असते.

स्वॅपचा आकडा आरएसएस-अनॉनमध्ये मिळवूनच आलेख काढावा. नाहीतर रॅम भरत आल्यावर जुनी पानं स्वॅपमध्ये जातात, आरएसएसची रेघ सपाट होते आणि गळती थांबली असं वाटतं.

पायथनच्या रिसोर्स मॉड्यूलमधला 'मॅक्स आरएसएस' हा उच्चांक आहे. तो कधीच खाली येत नाही, त्यामुळे दुरुस्ती लागू पडली का हे त्यावरून कळत नाही. शिवाय लिनक्सवर तो किलोबाइटमध्ये आणि मॅकवर बाइटमध्ये मिळतो.

यंत्राची एकूण स्थिती बघताना फ्री या कमांडमधला 'अव्हेलेबल' स्तंभ बघावा. 'फ्री' स्तंभ लहान असणं ठीकच आहे, कारण लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला वापरतो आणि मागितली की सोडतो.

२४ एप्रिल

सीएसव्हीवरून आलेख काढला. सुरुवातीला आरएसएस ६४ एमबी. त्यानंतर वाढ पायऱ्यापायऱ्यांनी, आणि पायऱ्या दोन मापांच्या: दर चक्राला सुमारे १.४ एमबी आणि दर तासाला सुमारे ४ एमबी. दिवसाला ९६ चक्रं धरली तर पहिलीचे १३४ एमबी, दुसरीचे ९० च्या वर. एकूण सव्वादोनशे एमबीच्या आसपास. ओएस आणि बाकीच्या सेवा वगळून या यंत्रावर सातशेच्या आत-बाहेर एमबी उरतात, म्हणजे तीन दिवस. लक्षणाशी हिशेब जुळला.

उघड्या फाइली आणि थ्रेड दोन्ही स्थिर आहेत. म्हणजे सॉकेट किंवा थ्रेड साचण्याचा प्रकार नाही. एक शक्यता स्वस्तात बाद झाली.

वाढ वेळेबरोबर आहे की कामाबरोबर, हे पुढे तपासलं. साताऱ्याच्या यंत्रावर चक्र १५ ऐवजी ५ मिनिटांचं केलं. लहान पायरी तेवढीच राहिली, फक्त तिप्पट वेळा आली. तासाची पायरी जशीच्या तशी. म्हणजे एक गळती पान वाचण्याच्या कामात आहे आणि दुसरी आलेखाच्या कामात. कोडला हात न लावता तपासाचं क्षेत्र दोन फंक्शनांवर आलं.

चाचणीसाठी सार्वजनिक पानावर मारा करायचा नाही. पानाची एक प्रत उतरवून ठेवली आहे आणि पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर ती स्थानिक पत्त्यावर देतो. सगळ्या चाचण्या त्याच्यावरच चालतील. पान १२० केबीचं आहे, बहुतेक तक्तेच.

२७ एप्रिल

ट्रेसमॅलॉक (मेमरी कोडमधल्या कुठल्या ओळीने मागितली ते नोंदणारं साधन) लावलं. पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. पद्धत:

१. ते स्क्रिप्टच्या आत उशिरा सुरू करू नये. आधी घेतलेल्या मेमरीची नोंद त्याच्याकडे नसते. सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन २५ फ्रेम खोलीने सुरू केलं (फ्रेम म्हणजे एका फंक्शनने दुसरं बोलावण्याची एक पायरी). न सांगितल्यास ते एकच फ्रेम ठेवतं, आणि एका फ्रेमवरून फक्त लायब्ररीतली ओळ कळते, तिथवर आपल्या कोडमधून कोण आलं ते कळत नाही.

२. पहिली २० चक्रं सोडून द्यावीत. मॉड्यूल लोड होणं, रेगेक्सची कॅश, कनेक्शन पूल अशी एकदाच होणारी वाढ त्यात असते.

३. जीसी.कलेक्ट (कुणी न धरलेल्या वस्तू लगेच उचलायला लावणं) करून पहिला स्नॅपशॉट, आणखी ५० चक्रांनी पुन्हा जीसी.कलेक्ट करून दुसरा. कलेक्ट न करता घेतला तर उचलायला तयार असलेला कचराही गळतीत मोजला जातो.

४. स्नॅपशॉट डंप करून दुसऱ्या यंत्रावर तुलना करावी. स्नॅपशॉट स्वतःच बरीच मेमरी घेतो. १ जीबीच्या यंत्रावर तुलना करायला गेलो तर तपासच ओओएमला बळी पडेल. हे काम साताऱ्याच्या यंत्रावर केलं. २५ फ्रेमने चक्राचा वेळ दुपटीच्या वर गेला, तेव्हा हे पावसाळ्यात कायम चालू ठेवण्यासारखं नाही.

ओळीनुसार तुलना केली की वरच्या सगळ्या जागा ब्यूटिफुल सूपच्या (पानाचं एचटीएमएल वाचणारी लायब्ररी) आतल्या फाइलींनी घेतल्या. इथे लायब्ररीला दोष देऊन थांबण्याचा मोह होतो. ट्रेसमॅलॉक एवढंच सांगतं की वस्तू कुठे जन्मली. ती अजून कुणी धरली आहे, याबद्दल ते काही बोलत नाही. ट्रेसबॅकनुसार (फ्रेमच्या अख्ख्या साखळीनुसार) तुलना केली तेव्हा सगळ्या रेघा आपल्या 'पान-वाचा' फंक्शनमधल्या एकाच ओळीला येऊन मिळाल्या: जिथे पानाचं झाड (पानातल्या घटकांची फांद्यांसारखी रचना) उभं राहतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. ट्रेसमॅलॉकचा एकूण आकडा चक्रामागे १.४ एमबीने वाढतो, पण तासाची ४ एमबीची पायरी त्यात जवळपास नाही. ती आरएसएसमध्ये आहे. म्हणजे ती मेमरी पायथनच्या अ‍ॅलोकेटरकडून गेलेलीच नाही, एखाद्या सी किंवा सी प्लस प्लस लायब्ररीने थेट मागितली आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून फरक काढणं हे या तपासातलं सगळ्यात उपयोगी गणित आहे.

२ मे

झाड धरून कोण ठेवतंय?

जीसी.गेट-ऑब्जेक्ट्समधून (जिवंत वस्तूंची यादी) प्रकारानुसार मोजणी केली. चक्रामागे ब्यूटिफुलसूप +१, टॅग (पानाचे घटक) सुमारे ९००, नॅव्हिगेबल-स्ट्रिंग (घटकांतला मजकूर) सुमारे १,९००. एकही जुनं झाड सुटत नाही. मग ऑब्जग्राफ (कोणती वस्तू कुणी धरली ते दाखवणारं साधन) वापरून एका जुन्या झाडापासून मॉड्यूलपर्यंतची साखळी काढली. ग्राफव्हिज (आकृती काढणारा प्रोग्राम) नसलं तरी साखळी मजकुरात मिळते. ती अशी निघाली: झाड, त्यातली एक नॅव्हिगेबल-स्ट्रिंग, एक यादी, 'इतिहास' नावाची डिक्शनरी, मुख्य मॉड्यूल.

इतिहासात प्रत्येक ठिकाणाच्या पातळीची यादी आहे. तिथे जाणारं मूल्य छापून पाहिलं तर साधी पाच-सहा अक्षरं. साइज काढला तर शंभर-दोनशे बाइट. पण हे मूल्य साधी स्ट्रिंग नाही. टॅग.स्ट्रिंगमधून आलेली ती नॅव्हिगेबल-स्ट्रिंग आहे. ती स्ट्रिंगचाच उपवर्ग असल्यामुळे छापली जाते, जेसनमध्ये जाते, 'ही स्ट्रिंग आहे का' या तपासणीतही पास होते. तिच्या अंगावर मात्र पालकाचा दुवा असतो, पुढच्या आणि मागच्या घटकांचे दुवे असतात. त्या दुव्यांवरून पानातला प्रत्येक तक्ता गाठता येतो. म्हणून एक सेल धरला की अख्खं पान धरलं जातं. सिस.गेट-साइझऑफ फक्त त्या वस्तूचा स्वतःचा आकार सांगतं, ती कुणाकुणाला जिवंत ठेवते ते सांगत नाही. अशा तपासात त्याचा भरवसा धरू नये.

एका पानातून सहा ठिकाणांची मूल्यं घेतली काय किंवा एकच घेतलं काय, झाड तेवढंच राहतं. चक्रामागे १.४ एमबी स्थिर का, त्याचं उत्तर हेच.

दुरुस्ती सीमेवर केली: पानातून बाहेर पडणारं प्रत्येक मूल्य आधी साध्या स्ट्रिंगमध्ये आणि लगेच फ्लोटमध्ये बदलायचं. त्या ओळीच्या पुढे ब्यूटिफुल सूपची कुठलीही वस्तू जाणार नाही. बदल करताना आकड्याचीही काळजी घेतली. पातळी फूट आणि इंचांत येते. ३८ फूट ६ इंच म्हणजे ३८.५ फूट, ३८.६ नव्हे. इंच भागिले १२ करूनच मिळवायचे. ३९ फूट ११ इंचाला ३९.११ मानलं तर इशारा पातळीपाशी वेग चुकीचा निघेल.

सोबत आणखी दोन बदल. इतिहासाची यादी काढून तिथे कमाल लांबीचा डेक (भरला की जुनी नोंद आपोआप काढणारी यादी) ठेवला: ४८ तास गुणिले ४, म्हणजे १९२ नोंदी. जुनं सगळं एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) आहेच. आणि काम झाल्यावर झाडावर डीकम्पोज. झाडात पालक-मूल असे उलटसुलट दुवे असल्याने नुसत्या रेफरन्स मोजणीने ते सुटत नाही, सायकल शोधणाऱ्या गार्बेज कलेक्टरची वाट बघावी लागते. ३.११ मध्ये पूर्ण कलेक्शन तेव्हाच होतं जेव्हा नव्याने टिकलेल्या वस्तू आधीच्या दीर्घजीवी वस्तूंच्या पाव भागाहून जास्त होतात. तोवर तीन-चार झाडं तरंगत राहतात. डीकम्पोज दुवे तोडतं आणि मेमरी तिथल्या तिथे सुटते.

चाचणी लिहिली: साठवलेल्या पानावर २०० चक्रं, शेवटी जीसी.कलेक्ट, आणि जिवंत ब्यूटिफुलसूप वस्तू शून्य असायला हव्यात. आरएसएस अमुक एमबीच्या खाली हवा अशी चाचणी ठेवली नाही. तो आकडा यंत्रागणिक आणि पायथनच्या आवृत्तीगणिक बदलतो आणि चाचणी उगाच पडत राहते. वस्तूंची मोजणी बदलत नाही.

६ मे

तासाची पायरी. आलेख १,२०० गुणिले ८०० पिक्सेलचा, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट: ३८,४०,००० बाइट. पायरीच्या उंचीशी हे इतकं जुळतं की पुढे शोधाशोध करावी लागली नाही. मॅटप्लॉटलिबचा (आलेख काढणारी लायब्ररी) अ‍ॅग रेंडरर हा बफर सी प्लस प्लसमध्ये घेतो, म्हणून ट्रेसमॅलॉकला तो दिसला नाही.

पायप्लॉटने (मॅटप्लॉटलिबचाच भाग) बनवलेली प्रत्येक आकृती पायप्लॉट स्वतःकडे धरून ठेवतं, आपण क्लोज म्हणेपर्यंत. फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं, तरी आकृती जिवंत. फाइलमध्ये जतन करणं म्हणजे बंद करणं नव्हे. २० पेक्षा जास्त आकृत्या उघड्या झाल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं. तो आपल्या लॉगमध्ये होताही, पण पायथन एका जागचा तोच इशारा एकदाच छापतं, त्यामुळे हजारो ओळींत तो बुडाला होता. इशारे वेगळ्या फाइलमध्ये वळवले आहेत.

क्लोजची एक ओळ पुरली असती. तरीही आलेख मुख्य प्रोसेसमधून बाहेरच काढला. सिस्टमडी टायमर तासाला एक छोटी स्क्रिप्ट चालवतो, ती एसक्यूलाइटमधून वाचते, पीएनजी लिहिते आणि संपते. प्रोसेस संपली की तिची सगळी मेमरी कर्नल परत घेतो, मग गळती लायब्ररीत असो की आपल्या कोडमध्ये. पायवर मॅटप्लॉटलिब लोड व्हायला काही सेकंद जातात, तासाला एकदा ते परवडतं. मुख्य स्क्रिप्टला आता मॅटप्लॉटलिब आणि नमपाय (आकड्यांच्या गणिताची लायब्ररी) लागतच नाहीत, त्यामुळे सुरुवातीचा आरएसएस ६४ वरून ३८ एमबीवर आला.

नमपायचं निघालंच आहे तर साताऱ्याकडच्या मंडळींसाठी, कारण पर्जन्यमानाची स्क्रिप्ट तिकडे नमपायवर आहे: मोठ्या अ‍ॅरेचे शेवटचे दहा आकडे स्लाइस करून साठवले तर ती प्रत नसते, व्ह्यू असतो. मूळ अ‍ॅरे त्याच्या बेसमध्ये जिवंत राहतो. साठवायचं असेल तर कॉपी करूनच. दुखणं इकडच्यासारखंच आहे.

१० मे

इंटरनेट बंद करून चाचणी. ही गळती नेहमीच्या दिवसांत दिसतच नाही, पुरात मात्र नक्की दिसेल, कारण तेव्हा वीजही जाते आणि नेटही.

नेटवर्कची वायर काढली. पान उतरवणं साठवलेल्या प्रतीवरून चालू ठेवलं, म्हणजे नव्या नोंदी येत राहतील आणि संदेश बाहेर जाणार नाहीत. आरएसएस सरळ चढायला लागला.

कारणं दोन, एकमेकांत अडकलेली. संदेश पाठवणारा थ्रेड रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरतो, आणि तिच्यात आपण दिला नाही तर टाइमआउट नसतो. तुटलेल्या कनेक्शनवर थ्रेड अडकून बसतो. इकडे मुख्य थ्रेड क्यूमध्ये (पाठवायच्या संदेशांची रांग) भर टाकत राहतो. पायथनच्या क्यूला कमाल आकार दिला नाही तर ती अमर्याद असते. वर प्रत्येक संदेशात आलेखाचे पीएनजी बाइट स्वतंत्रपणे भरलेले, दर माणशी एक प्रत. घेणारा थांबला आणि देणारा चालू राहिला की अशी क्यू हीच गळती ठरते, आणि कोणतंही गळती शोधणारं साधन तिला गळती म्हणणार नाही. सगळ्या वस्तू नियमाप्रमाणेच जिवंत आहेत.

बदल:

टाइमआउट जोडणीला ५ सेकंद, उत्तराला २० सेकंद. दोन आकडे वेगळे द्यावेत. एकच मोठा आकडा दिला तर नेट गेल्याचं उशिरा कळतं.

संदेशात पीएनजी ऐवजी फाइलचा पत्ता. पाठवायच्या क्षणी फाइल वाचायची. फाइल तोवर जुनी झाली असेल तर आणखी चांगलं, नवी वाचली जाईल.

क्यूची कमाल मर्यादा ५००. भरली तर काय सोडायचं हे ठरवणं हा तांत्रिक प्रश्न नाही, म्हणून नीट लिहून ठेवतो. नियमित पातळीचे जुने संदेश सोडून द्यायचे. नेट परत आल्यावर काल दुपारची पातळी कळून कुणाचा फायदा नाही. ४० आणि ४५ फूट ओलांडल्याचे, तसंच कोयनेचा विसर्ग वाढल्याचे संदेश कधीही सोडायचे नाहीत. ते क्यूत न ठेवता थेट एसक्यूलाइटच्या तक्त्यात जातात आणि पोचल्याची खात्री झाल्यावरच खूण होते. पाठवताना संदेशात मोजणीची मूळ वेळ लिहायचीच, म्हणजे उशिरा आलेला इशारा ताजा समजला जाणार नाही.

वायर काढून पुन्हा चाचणी: क्यू ५०० वर थांबली, आरएसएस सपाट, वायर जोडल्यावर इशारे आधी गेले.

१४ मे

उरलेल्या किरकोळ गोष्टी. प्रत्येकीचा वाटा लहान, पण स्क्रिप्ट जून ते ऑक्टोबर अखंड चालायची आहे.

लॉगर: रोज तारखेच्या नावाचा नवा लॉगर बनत होता. लॉगिंग मॉड्यूल प्रत्येक नावाचा लॉगर प्रोसेस संपेपर्यंत ठेवतं, हँडलर आणि उघड्या फाइलीसकट. आता एकच लॉगर आणि मध्यरात्री फाइल बदलणारा हँडलर.

कॅश: एका क्लासच्या मेथडवर एलआरयू कॅश (आधी काढलेली उत्तरं साठवणारी सोय), कमाल आकार 'नन'. ती अमर्याद वाढते, शिवाय कीमध्ये सेल्फ असल्यामुळे वस्तूही सुटत नाही. ठिकाणं सहाच आहेत. साधी डिक्शनरी केली.

अपवाद: शेवटची चूक दाखवण्यासाठी एक्सेप्शनची वस्तूच साठवली जात होती. तिच्यासोबत ट्रेसबॅक, ट्रेसबॅकसोबत फ्रेम, फ्रेमसोबत त्या क्षणीची सगळी लोकल व्हेरिएबल्स, त्यात पानाचा पूर्ण मजकूर. एकच चूक साठते, म्हणून वाढ होत नाही, पण २ तारखेची झाडांची चाचणी अधूनमधून का पडत होती ते यावरून कळलं. आता मजकुरात रूपांतर करून ठेवतो.

२२ मे

सलग चालवून पाहिलं. आरएसएस ३८ वरून चढत ७१ एमबीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. चक्रं कितीही झाली तरी पुढे नाही. ट्रेसमॅलॉकचा आकडा मात्र १६ एमबीवर पहिल्यापासून सपाट. मग बाकीचं कुठे आहे आणि ते परत का येत नाही?

हे गळतीपेक्षा वेगळं प्रकरण आहे आणि ते वेगळं ओळखता यायला हवं, नाहीतर नसलेल्या गळतीमागे आठवडे जातात. पायथन ५१२ बाइटपर्यंतच्या वस्तू स्वतःच्या पायमॅलॉकमधून देतं. तो कर्नलकडून मोठे तुकडे घेतो. ३.१० पासून ६४ बिटवर एक एरीना १ एमबीचा, त्याआधी २५६ केबीचा होता. एरीना पूर्ण रिकामा झाला तरच परत जातो. मिरजेहून सुटलेल्या एसटीत शेवटचा एक प्रवासी असेपर्यंत गाडी डेपोला लावता येत नाही, तसं. पान वाचताना हजारो वस्तू येतात-जातात, त्यांच्यामध्ये एखादी टिकाऊ वस्तू बसली की १ एमबी अडकला. ही जागा वाया गेलेली नसते, पुढच्या चक्रात तीच वापरली जाते. म्हणून रेघ एका उंचीवर स्थिरावते.

५१२ बाइटच्या वरचं सगळं जीलिबसीच्या मॅलॉककडे जातं. ६४ बिटवर त्याचे एरीना गाभ्यांच्या आठपटपर्यंत होऊ शकतात. इथे ४ गाभे, म्हणजे ३२. आपले थ्रेड चारच आहेत, तरी प्रत्येकाच्या एरीनात १२० केबीच्या स्ट्रिंगांची मोकळी भोकं पडून राहतात आणि एकाची मोकळी जागा दुसऱ्याला सहसा मिळत नाही.

एकेक बदल करून मोजलं:

मॅलॉक-एरीना-मॅक्स २ केल्यावर स्थिर उंची ७१ वरून ६० एमबी. वेगावर परिणाम दिसला नाही, कारण थ्रेड बहुतेक वेळ नेटची वाट बघत असतात.

एममॅप थ्रेशोल्ड १,३१,०७२ वर पक्का केल्यावर ६० वरून ५४. हा थ्रेशोल्ड मुळात १२८ केबीचाच असतो, पण एखादा मोठा तुकडा मोकळा केला की जीलिबसी तो आपोआप वर नेते आणि पुढचे तेवढे तुकडे हीपमधून द्यायला लागते. आपण आकडा दिला की हे आपोआप सरकणं थांबतं. इथे एक बारीक गोष्ट: या व्हेरिएबलच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आहे. एरीना-मॅक्सच्या नावाला नाही. शेवटचा अंडरस्कोर लिहायचा राहिला तर एरर येत नाही, फक्त काहीच होत नाही.

सीटाइप्समधून मॅलॉक-ट्रिम (मोकळी मेमरी कर्नलला परत द्यायला लावणारं जीलिबसीचं फंक्शन) बोलावल्यावर ४ एमबी परत आले आणि दोन चक्रांत पुन्हा गेले. ठेवलं नाही.

५४ एमबी स्थिर हे या यंत्राला भरपूर झालं. इथे थांबतो. यापुढे आकडा खाली आणण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो स्थिर आहे ना, एवढंच बघायचं.

३० मे

संरक्षण. उद्या पानाचा साचा बदलला, लायब्ररी बदलली, तर नवी गळती येऊ शकते. तेव्हा अख्खं यंत्र गुदमरण्याऐवजी ही एकच सेवा पडावी आणि लगेच उठावी.

सिस्टमडीच्या युनिटमध्ये मेमरी-हाय १२० एमबी, मेमरी-मॅक्स १६० एमबी, सेवेसाठी स्वॅप शून्य, रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर', मध्ये १० सेकंद. हाय ओलांडलं की कर्नल प्रोसेसला हळू करतो आणि पानं परत मिळवायचा प्रयत्न करतो, मॅक्स ओलांडलं की त्याच गटातली प्रोसेस मारतो. स्वॅप शून्य यासाठी की एसडी कार्डावरचा स्वॅप यंत्राला मिनिटभर लटकवतो आणि कार्डही झिजवतो.

पहिल्यांदा हे लावलं तेव्हा काहीच झालं नाही. रास्पबेरी पायवर मेमरीचा सीग्रूप (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) मुळात बंद असतो. बूट फर्मवेअर फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाइलीत सीग्रूप मेमरी चालू करणारे पर्याय त्याच एका ओळीच्या शेवटी जोडावे लागतात. नवी ओळ केली तर ती वाचली जात नाही. रीबूटनंतर सेवेच्या स्टेटसमध्ये मेमरीचा आकडा आणि मर्यादा दोन्ही दिसायला हवेत. दिसले नाहीत तर मर्यादा लागू नाही असं समजावं.

चाचणी मुद्दाम मारून घेतली: मॅक्स ४५ एमबी केला. प्रोसेस मेली, जर्नलमध्ये कारण 'ओओएम-किल' आलं, १० सेकंदांनी सेवा पुन्हा उभी. सुरू होताना ती एसक्यूलाइटमधून शेवटच्या १९२ नोंदी वाचते, त्यामुळे वेग पहिल्याच चक्रात बरोबर येतो. हे आधीपासून असतं तर रीस्टार्टने इतिहास पुसण्याचा प्रश्नच आला नसता. मूळ दुखणं मात्र झाकलेलंच राहिलं असतं.

८ जून

सांगली: आरएसएस-अनॉन अधिक स्वॅप स्थिर, ५४ ते ५६ एमबीच्या पट्ट्यात. सातारा: तीच आवृत्ती, तेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ५७. दोन्हीकडची ट्रेसमॅलॉक बंद केली.

इशाऱ्याचा नियम लावला: आरएसएसचा एकेक आकडा न बघता २४ तासांतली सगळ्यात कमी किंमत घ्यायची आणि ती आदल्या २४ तासांच्या सगळ्यात कमी किमतीशी ताडायची. वरचे उंचवटे येतात-जातात, गळती असेल तर तळ वर सरकतो. तळ ५ एमबीहून जास्त सरकला की संदेश आपल्या दोघांच्याच फोनवर, पूरयादीवर नाही.

बाकी कामं: म्हैसाळचा तक्ता पानावर कधी कधी दुसऱ्या जागी येतो, त्यासाठी स्तंभाच्या नावावरून शोध. साताऱ्याच्या पर्जन्यमान स्क्रिप्टमधले स्लाइस तपासणं. दोन्ही यंत्रांच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणं.